मोकळं गवत

फोन कर्कश ओरडला तेव्हा मोरेश्वरराव अवजारांच्या शेडमध्ये लॉन मोअरच्या पात्याखाली चिकटलेलं ओलं गवत खरवडून काढत होते. ती नेहमीची रिंग नव्हती. लांबवर सायरन वाजावा आणि तो नेमका आपल्याच खिशात वाजावा, असा आवाज. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी स्क्रीनवरची अक्षरं वाचली. इंग्रजी वाचायला त्यांना वेळ लागायचा, पण हे वाक्य लगेच कळलं. परिसरात बंदूकधारी माणूस. आत राहा, दारं लावा, खिडक्यांपासून लांब राहा.

त्यांनी दार ओढून कडी लावली. मग ती खरंच लागली का, म्हणून पुन्हा ओढून बघितली. तेवढ्यात परीक्षितचा फोन आला.

"बाबा, कुठे आहात?"

"सिमेट्रीत. शेडमध्ये."

"गुड. आतच राहा. तिकडच्या वेअरहाऊसमध्ये शूटिंग झालंय, तुमच्यापासून जेमतेम एक माइल. तो माणूस गाडी सोडून पायी पळालाय. लाइट ऑफ करा, फोन सायलेंटवर टाका. ऐकताय ना?"

"हो, ऐकून राहिलो."

"मॅनेजर आहे का तिथे?"

"डेंटिस्टकडे गेला तो. मी एकटाच आहे."

"मला येता येणार नाही, रोड्स ब्लॉक केलेत. कुणी नॉक केलं तरी उघडू नका. प्लीज, बाबा."

फोन बंद झाला. मोरेश्वररावांनी दिवा मालवला. शेडला एकच खिडकी होती, वीतभर रुंद, धुळीनं माखलेली. खिडकीपासून लांब राहायचं हे त्यांना कळत होतं. तरी ते कडेला उभे राहून एका डोळ्यानं बाहेर बघू लागले.

पलीकडच्या कोपऱ्यात, पांढऱ्या दगडांसमोरच्या बाकावर हायराबाई बसल्या होत्या. नेहमीसारख्या. दाराकडे, रस्त्याकडे, सगळ्या जगाकडे पाठ करून.

आज गुरुवार होता. गुरुवारी त्या यायच्याच.

पिस्कॅटवेला मुलाकडे येऊन मोरेश्वररावांना सहा वर्षं झाली होती. नागपूर महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं पंप ऑपरेटर म्हणून काढून ते रिटायर झाले, परीक्षितनं ग्रीन कार्ड करून दिलं, आणि ते सुवर्णाबाईंना घेऊन इकडे आले. दोन हिवाळे टीव्ही बघण्यात गेले. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच ही नोकरी शोधली, आठवड्यातले तीन दिवस, गवत कापणं आणि पानं गोळा करणं. घरी सांगितलं तेव्हा सुवर्णाबाई पोळी लाटता लाटता थांबल्या होत्या.

"बाप्पा! मसणात नोकरी?"

"गवताची नोकरी आहे. गवत कुठलंही असलं तरी गवतच असते."

"नागपूरला काय सांगू मी?"

नागपूरला 'पार्क मेंटेनन्स' असं सांगितलं गेलं. घरात मात्र नियम ठरला: सिमेट्रीतून आल्यावर गॅरेजमधून थेट बाथरूममध्ये, आंघोळ झाल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. मोरेश्वररावांची त्याला काहीच हरकत नव्हती. त्यांना स्वतःलाच भीती वाटायची. तशी त्यांना कशाचीही वाटायची. नोकरीत साहेबांची, नंतर डॉक्टरांच्या रिपोर्टची, इकडे आल्यावर अनोळखी नंबरवरून येणाऱ्या फोनची, हायवेची, गणवेशातल्या कुठल्याही माणसाची. अलीकडे परदेशी लोकांच्या धरपकडीच्या बातम्या ऐकून परीक्षितनं बजावलं होतं, ग्रीन कार्ड कायम जवळ ठेवा. तेव्हापासून ते कार्ड शर्टाच्या खिशात, छातीशी, प्लॅस्टिकच्या पाकिटात असायचं. झोपताना ते उशाखाली जायचं.

सिमेट्रीतला तो कोपरा त्यांना पहिल्यांदा मॅनेजरनं दाखवला होता. युरोपात साराएव्हो नावाचं एक शहर आहे, तीसेक वर्षांपूर्वी त्याला जवळजवळ चार वर्षं वेढा पडला होता. भोवतीच्या डोंगरांवरून तोफा आणि बंदुका, आणि खाली माणसं: पाण्याच्या रांगेत, पावाच्या रांगेत, स्वयंपाकघरात. तिथून निघून इकडे आलेल्या कुटुंबांनी मिळून ही जागा घेतली आणि आपापल्या गेलेल्या माणसांच्या नावाचे गुडघाभर उंचीचे पांढरे दगड लावले. मधोमध पुरुषभर उंचीची करड्या ग्रॅनाइटची शिळा. दगडांखाली कोणी नव्हतं. प्रत्येक घरानं तिकडून आणलेली मूठभर माती तेवढी होती. दगड संगमरवरी होते आणि गवत कापायच्या ट्रिमर यंत्राच्या फिरत्या दोरीनं त्यांना ओरखडे पडायचे, म्हणून मोरेश्वरराव त्या कोपऱ्यातलं गवत उकिडवे बसून हातातल्या कात्रीनं कापायचे. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण हायराबाईंनी ते बघितलं होतं.

पंच्याहत्तरीच्या आतबाहेरच्या, उंच, दोन्ही गुडघे गेलेल्या. मुलगी त्यांना दुपारी एकला सोडायची आणि तीनला न्यायला यायची. त्यांचंही इंग्रजी मोडकं, यांचंही मोडकं, त्यामुळे दोघांचं बरं जमायचं. पूर्ण नाव मोरेश्वर बोरकुटे आहे असं त्यांनी एकदा सांगितलं होतं, पण हायराबाईंना त्यातलं निम्मंच झेपलं. त्या 'मिस्टर मोरे' म्हणायच्या. त्यांच्याकडे फोन नव्हता. मुलीनं घेऊन दिलेला घरी ड्रॉवरमध्ये पडून असायचा.

म्हणजे त्यांना काहीच माहीत नव्हतं.

शेडपासून बाकापर्यंत दोनशे पावलं. मध्ये एकही झाड नाही, कमरेएवढं कुंपणसुद्धा नाही. नुसतं मोकळं, बारीक कापलेलं गवत. ते त्यांनीच सकाळी कापलं होतं.

मोरेश्वररावांनी कडीवर हात ठेवला. हात तिथेच राहिला. जायला हवं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी मनाशी वाद घातला. पोलीस येतील. त्या बसल्यात तशाच बसून राहिल्या तर कुणाच्या नजरेतही येणार नाहीत. आपण गेलो तर उलट लक्ष वेधलं जाईल. सुवर्णा एकटी पडेल. प्रत्येक म्हणणं खरं होतं, आणि प्रत्येक म्हणण्यानंतर ते पुन्हा खिडकीशी जाऊन बघत होते. हायराबाईंच्या पाठीवर पिवळं ऊन पडलं होतं. वाऱ्यानं त्यांच्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक हलत होतं. वर कुठेतरी हेलिकॉप्टरची घरघर सुरू झाली.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली. मग दहा. मग सोळा.

दोन वाजून सोळा मिनिटांनी रस्त्याच्या बाजूला काहीतरी फटकन वाजलं. गोळी होती की कचऱ्याच्या डब्याचं झाकण, देव जाणे. हायराबाईंनी झटकन मान वळवली. आधाराशिवाय उभं राहता येईना, म्हणून त्या बाकाचा दांडा चाचपडू लागल्या.

मोरेश्वररावांनी कडी कधी काढली ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. ते पळत होते एवढंच कळत होतं. सदुसष्ट वर्षांचं शरीर, जड बूट, कानात स्वतःचाच श्वास. मध्यावर आल्यावर असं वाटलं की आपल्या पाठीवर कुणीतरी बोट टेकवून ठेवलंय, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये.

"मॅडम! बंदूक! माणूस, बंदूक!" त्यांना एवढेच शब्द सुचले.

हायराबाईंचा चेहरा क्षणात बदलला. म्हातारी, गुडघे दुखणारी बाई कुठल्या कुठे गेली. त्यांनी बाकावरची उशी उचलली, मोरेश्वररावांचा दंड धरला आणि त्यांना ओढतच मधल्या शिळेमागे नेलं.

"खाली. डोकं खाली. आणि सरळ रेषेत कधी पळायचं नाही, मिस्टर मोरे."

"शेडमध्ये जाऊ. दार आहे तिथे."

"एवढं गवत? माझ्या या पायांनी? नाही. इथे दगड आहे."

दोघंही शिळेला पाठ लावून ओल्या जमिनीवर बसली. मोरेश्वररावांचे दात वाजत होते. ते थांबवायला त्यांनी जबडा हातानं दाबून धरला. हायराबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"आता आवाज नाही," त्या म्हणाल्या. "आवाज नसतो तेव्हा जास्त भीती वाटते. हो ना?"

"तुम्हाला वाटते?"

"मला?" त्यांनी आपला हात पुढे केला. तो पानासारखा थरथरत होता. "तेहतीस वर्षं झाली. अजून कारचं दार जोरात लागलं तरी मी भिंत शोधते."

हेलिकॉप्टर जवळ आलं आणि पुन्हा लांब गेलं. मोरेश्वररावांना राहवेना.

"मॅडम, एक सांगायचं आहे. मी पळत आलो, पण लगेच नाही आलो. तुम्ही मला खिडकीतून दिसत होता. मी अकरा मिनिटं दाराशी उभा होतो. घड्याळ बघत होतो."

त्या आपल्याकडे बघतील, काहीतरी बोलतील, असं त्यांना वाटलं. हायराबाईंनी फक्त खालची उशी अर्धी त्यांच्याकडे सरकवली. मग त्या समोरच्या दगडांकडे बघत हळू आवाजात बोलू लागल्या, जणू त्या दगडांनाच सांगताहेत.

"मला एक धाकटी बहीण होती. यास्ना. आम्ही दोघी पाणी आणायला जायचो. कॅन घेऊन, रोज दोन तास. परतताना दोन इमारतींच्या मध्ये एक मोकळी जागा लागायची, वीस पावलांची. डोंगरावरून ती दिसायची. तिथे सगळे पळायचे. त्या दिवशी मी आधी पळाले आणि दारात पोचले. मग ती निघाली."

त्यांनी डोक्यावरच्या रुमालाची गाठ घट्ट केली.

"ती मधोमध पडली. जिवंत होती. तोंड माझ्याकडे होतं. कॅन फुटला होता, पाणी माझ्या पायापर्यंत वाहत आलं. ती माझं नाव घेत नव्हती, नुसती बघत होती. वीस पावलं, मिस्टर मोरे. मी गेले नाही. मी जाणार होते पण शेजाऱ्यांनी मला धरून ठेवलं, असं मी घरी सांगितलं. आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, माझ्या मुलीला अजून तेच माहीत आहे."

"हो, लोक धरतातच..."

"कुणी धरलं नव्हतं. दारात मी एकटीच होते."

नागपुरात कुणाच्या घरी मयत झाली की मोरेश्वरराव न बोलता जवळ बसून राहायचे. तसेच ते बसून राहिले.

"अंधार पडल्यावर तिला आणलं. इथे हे दगड लावले तेव्हा यादी करणारा माझ्या घरी आला होता. तुमच्या घरातलं कोण, म्हणून विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही. तिचं नाव इथे नाही." त्यांनी नाक पुसलं. "मी येते आणि दुसऱ्यांच्या माणसांपुढे बसते."

डावीकडच्या मेपलच्या झाडांत पानं चुरचुरली.

मोरेश्वररावांनी बघितलं. झाडाच्या बुंध्याआडून एक माणूस बाहेर पडत होता. काळे कपडे, डोक्याला काहीतरी काळं, हातात लांब बंदूक. तो एकेक पाऊल टाकत दगडांच्या ओळींकडे येत होता. ऊन त्याच्या मागून येत होतं, चेहरा दिसत नव्हता. मोरेश्वररावांच्या मांड्यांना गरम ओल लागली आणि ती काय आहे हे कळायलाही त्यांना वेळ लागला. ते मागे सरकायला गेले तसा बुटाखाली सुका काटका मोडला.

बंदूक वळली.

"हँड्स! लेट मी सी युवर हँड्स!"

आवाज पोलिसाचा होता. आता छातीवरचा बिल्लाही दिसला. पण मोरेश्वररावांच्या डोक्यात एकही इंग्रजी शब्द शिरेना. ते धडपडत उठून उभे राहिले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की उजव्या हातात गवताची कात्री आहे. शेडमधून निघताना त्यांनी ती कधी उचलली होती कुणास ठाऊक. वीतभर लांबीची दोन पाती उन्हात चकाकली.

"ड्रॉप इट! ड्रॉप इट नाऊ!"

पोलीस. गणवेश. कागद दाखवायचे. एवढा एकच विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांचा डावा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे, त्या प्लॅस्टिकच्या पाकिटाकडे गेला.

"खिशात हात घालू नको! हात बाहेर!"

ते ओरडणं त्यांना लांबून ऐकू आल्यासारखं वाटलं. बोटांना पाकिटाची कड लागली होती. बंदुकीचं तोंड एवढं लहान, एवढं गोल, आणि नेमकं त्यांच्याकडे.

मग त्यांच्यासमोर एक निळा स्वेटर आला.

हायराबाई कशा उठल्या, कुणाचा आधार घेऊन उठल्या, हे मोरेश्वररावांनी बघितलं नाही. त्यांनी बघितलं ते एवढंच की त्या दोन्ही हात वर करून चालत होत्या. एक पाऊल, दुसरं, तिसरं. बंदूक आणि ते यांच्या बरोबर मध्ये येऊन त्या उभ्या राहिल्या.

"तो इथे काम करतो!" त्यांचा आवाज फाटला होता. "गवत कापतो! ती कात्री आहे, गवताची कात्री!"

"मॅम, बाजूला व्हा."

"नाही होणार."

"मॅम!"

"नाही होणार. त्याला इंग्रजी कळत नाही एवढ्या ओरडण्यात. हळू सांग. हळू."

पोलीस अगदी तरुण होता, परीक्षितपेक्षा लहान. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता आणि बंदुकीची नळी किंचित हलत होती. तोही घाबरला होता. मोरेश्वररावांना हे हायराबाईंच्या खांद्यावरून दिसलं, आणि का कोण जाणे, त्यामुळेच त्यांचा श्वास सुटला. त्यांनी खिशातला हात रिकामा बाहेर काढला. कात्री गवतावर पडली.

"ओके," तो पोलीस म्हणाला. "ओके. ओके, सर."

पुढचं सगळं दहा मिनिटांत आटपलं. त्यानं कात्री पायानं लांब सारली, मोरेश्वररावांचे खिसे तपासले, पाकिटातलं कार्ड बघून परत दिलं. सॉरी म्हणाला. मग खांद्यावरच्या वायरलेसमध्ये काहीतरी बोलला आणि दोघांना ऑफिसकडे जायला सांगून पुढे निघून गेला. ज्याला शोधत होते तो माणूस अर्ध्या तासानं पेट्रोल पंपामागच्या ओढ्यात सापडला. वेअरहाऊसमधल्या दोघांना त्यानं गोळ्या घातल्या होत्या. त्यातला एक रात्री दवाखान्यात दगावला.

पोलीस लांब गेल्यावर मोरेश्वररावांना आपल्या ओल्या पँटची आठवण झाली. ते शिळेकडे तोंड करून उभे राहिले. वळायची लाज वाटत होती. मागून हायराबाईंनी आपली शाल त्यांच्या हातात कोंबली.

"थंडी आहे," त्या म्हणाल्या. "कमरेला बांधा."

त्यांनी ती बांधली. मग दोघं एकमेकांचा हात धरून ऑफिसकडे चालत गेली. मोकळ्या गवतावरून, अगदी सावकाश. त्याहून भरभर चालणं दोघांनाही शक्य नव्हतं.

संध्याकाळी परीक्षितनं त्यांना घरी आणलं. गाडीत सिग्नलला थांबला की तो त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. सुवर्णाबाई गॅरेजच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी कमरेची शाल बघितली, पँट बघितली. आंघोळीच्या आधी कशालाही हात लावायचा नाही हा नियम विसरून त्यांनी तिथेच नवऱ्याला मिठी मारली.

"आता ही नोकरी बास, बाबा," जेवताना परीक्षित म्हणाला. "इनफ."

मोरेश्वररावांनी मान हलवली. दोन आठवडे ते गेलेही नाहीत. दुपारी सोफ्यावर बसायचे, बाहेर कुणी कुत्र्याला हाक मारली तरी दचकायचे. मग एका सकाळी मॅनेजरचा फोन आला. हायराबाई ऑफिसात येऊन गेल्या होत्या. एक दगड करायला टाकला होता, तो आलाय, आणि तो मिस्टर मोरे यांनीच बसवावा असा त्यांचा हट्ट आहे.

"जाऊ नका," परीक्षित म्हणाला.

"जाऊ द्या त्यांना," सुवर्णाबाई म्हणाल्या. त्यांनीच डबा भरून दिला, आणि धुऊन इस्त्री केलेली शाल घडी घालून पिशवीत ठेवली.

गुरुवारी मोरेश्वररावांनी शेवटच्या ओळीत फूटभर खोल खड्डा घेतला. तळाला खडी घातली, ठोकून घट्ट केली, दगड उभा केला आणि पाणसळ लावून दोन्ही बाजूंनी बघितला. पंपाचा पाया बसवताना बघायचे तसा. दगडावर यास्नाचं नाव होतं आणि दोन सालं. दोन्हींमध्ये सव्वीस वर्षांचं अंतर. हायराबाईंची मुलगी थोडी मागे उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते. म्हणजे आईनं तिला सगळं सांगितलं असावं.

हायराबाईंनी रुमालात बांधून आणलेली माती दगडाच्या बुडाशी सोडली. "हिच्या थडग्यावरची नाही," त्या म्हणाल्या. "भाच्याला तिकडे पाठवलं होतं. त्या वीस पावलांवरची आहे."

मोरेश्वररावांनी त्यांच्यासाठी ऑफिसातून खुर्ची आणली होती. त्यांनी ती नको म्हटली. काठी मुलीकडे दिली, दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरले आणि ओठातल्या ओठात प्रार्थना सुरू केली.

तेवढ्यात रस्त्यावर कुठल्याशा ट्रकचा मागचा फाळका धाडकन खाली आपटला.

मोरेश्वरराव भानावर आले तेव्हा ते गुडघ्यांवर होते, तळहात मातीत, डोकं खाली. मुलीनं तोंडावर हात दाबून धरला होता. त्यांनी वर बघितलं. हायराबाईंचे हात थरथरत होते, कोपरापासून बोटांपर्यंत. खांदे कानांपाशी आखडले होते. पण त्या उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. प्रार्थना अजून संपली नव्हती.

मोरेश्वरराव उठले. हाताची माती पँटला पुसली, डोक्यावरची टोपी काढली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.